शुश्रूषा : हातांची कीं डोक्याची ?

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत वारंवार आली. कोणाच्या सासूबाई रुग्णालयांत होत्या, कोणाचे वडील, कोणाचें तान्हें मूल, आणि सर्वांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, "डॉक्टर दिवसांतून एकदां येऊन जातात, बाकीचा सारा वेळ परिचारिका. आणि त्या करतात काय ? नाडी पाहतात, तक्ता भरतात, गोळ्या देतात आणि निघून जातात. एवढ्यासाठीं चार वर्षांची पदवी कशाला हवी ?" हीं पत्रें वाचून आम्हांस रागही आला नाहीं आणि हंसूंही आलें नाहीं, कारण गेल्या श्रावणापर्यंत आमचेंही मत ह्याहून फारसें निराळें नव्हतें. तें कसें बदललें हें सांगण्यांत आमची स्वतःची थोडी नाचक्की आहे. परंतु ह्या सदरांत आम्ही दुसऱ्यांच्या चुका नेहमींच दाखवीत आलों आहों. तेव्हां एकदां स्वतःची सांगण्यास हरकत नसावी.

आमच्या आत्याबाई, वय वर्षें ब्याऐंशी, न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या आणि उजव्या खुब्याचें हाड मोडलें. शहरांतील एका रुग्णालयांत त्यांना नेलें, दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम पार पडली, आणि घरांतील सर्वांनीं सुटकेचा श्वास टाकला. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्रीं उशाशीं बसण्याची पाळी आमची होती. अकराच्या सुमारास आत्याबाई बडबडूं लागल्या. तीस वर्षांपूर्वीं वारलेल्या यजमानांना "पान वाढलें आहे, उठा आतां" म्हणून हांका मारणें, पांघरुणाचीं टोकें चिवडणें, मधेंच हाताला लावलेली सुई उपटूं पाहणें, असा प्रकार सुरू झाला. आम्हीं मनाशीं म्हटलें, वय झालेलें माणूस, जागा परकी, त्यांत भुलीच्या औषधाचा अंमल; झोप लागली कीं सारें निवळेल. आम्ही उठून परिचारिकेपाशीं गेलों आणि, "सिस्टर, त्यांना झोपेचें एखादें औषध द्या, म्हणजे त्याही निजतील आणि शेजारचेही निजतील," असें अगदीं शहाणपणाच्या सुरांत सांगितलें.

ती पंचवीस-सव्वीस वर्षांची, कोल्हापूरकडची मुलगी होती. ती म्हणाली, "काका, झोपेचें औषध देण्याआधीं आजी बडबडतात कां, तें पाहूं या."

तिनें आत्याबाईंचा हात हातांत घेतला आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिली. आम्हांस वाटलें, नाडी मोजते आहे. नाडी तिची केव्हांच मोजून झाली होती. ती मोजीत होती तो श्वास, आणि तोही पुरा एक मिनिट. आपला श्वास कोणी मोजतें आहे असें कळलें कीं माणसाचा श्वास बदलतो. म्हणून बोट नाडीवरच ठेवून डोळा छातीवर ठेवावयाचा, ही त्यांच्या धंद्यांतील जुनी युक्ति. श्वास भरला मिनिटास २६. बोटाला चिमटा लावून रक्तांतील प्राणवायु पाहिला, तो शेंकडा ९३. वरचा रक्तदाब १०४. नाडी ८८. ताप मुळींच नाहीं, ९८ अंश. बोट टोचून साखर पाहिली, ती १३८. लघवीच्या पिशवींत संध्याकाळीं सहापासून अवघी ७० मिलिलिटर. नळी कोठें मुडपली नाहीं ना, अंगाखालीं दबली नाहीं ना, हें तिनें पांघरूण काढून हातानें चांचपून पाहिलें. मग, "आजी, दोन्ही हात वर करा पाहूं," म्हणून हात उचलावयास लावले, आणि हंसावयास सांगितलें. आत्याबाई हंसल्या नाहींत, उलट त्यांनीं एक खणखणीत शिवी दिली. पण ती देतांना तोंड वांकडें झालें नाहीं, एवढें तिनें पाहून घेतलें.

नंतर तिनें आमच्याकडे मोर्चा वळविला. ह्या एरवीं कशा असतात ? आम्हीं सांगितलें, रोज सकाळीं वर्तमानपत्रांतील शब्दकोडें सोडवितात आणि आमच्या हिशेबांतील चुका काढतात. रक्तदाब एरवीं किती ? दीडशेंच्या आसपास. त्यासाठीं गोळी कोणती ? आटेनोलॉल, बरींच वर्षें. शेवटचें कोणीं भरविलें ? आम्हींच, आठ वाजतां, तांदळाची पेज. कसें भरविलें ? निजलेल्या स्थितींतच, बसतें केलें कीं खुबा दुखतो, म्हणून. ठसका लागला होता ? होय, दोन-तीनदां. ती कांहीं बोलली नाहीं. पलंगाची उशाकडील बाजू तिनें उंच केली, प्राणवायूची नळी नाकाशीं लावली आणि डॉक्टरांना दूरध्वनि केला.

हा दूरध्वनि आम्हीं शेजारीं उभें राहून ऐकला. रोगी कोण आणि या क्षणीं काय झालें आहे. मागची हकीकत काय. मला काय वाटतें. आणि तुम्ही काय करावें अशी माझी विनंती आहे. हीं चार वाक्यें ह्याच क्रमानें. ही पद्धति मूळची अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरील असून तेथून ती रुग्णालयांत आली, हें आम्हांस मागाहून कळलें. आजी झोपत नाहींत, असें ती म्हणाली असती, तर पलीकडून झोपेचें औषध सांगितलें गेलें असतें, आणि त्यांत पलीकडच्याचा दोष फारसा नसता. ती म्हणाली, "छातींत जंतुसंसर्ग होऊन तो रक्तांत पसरत असावा असें मला वाटतें. आपण आतां येऊन पाहावें." डॉक्टर वीस मिनिटांत आले. क्ष-किरणाच्या चित्रांत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग भरलेला निघाला. तपासणीसाठीं रक्त काढून घेऊन तासाभराच्या आंत शिरेंतून प्रतिजैविक औषध सुरू झालें, आणि म्हाताऱ्या हृदयाला सोसेल अशा बेतानें सलाइनही. झोपेचें औषध दिलें असतें तर आत्याबाई निश्चितच शांत झाल्या असत्या. श्वास आणखी मंद झाला असता, ठसकाही लागेनासा झाला असता, आणि आम्ही उशाशीं समाधानानें पेंगत बसलों असतों.

चौथ्या दिवशीं, संकट टळल्यावर, आम्हीं त्या मुलीस विचारलें कीं, हें तुला सुचलें कसें ? तिला प्रश्नच थोडा चमत्कारिक वाटला. "सुचलें नाहीं, काका. एकेक काढून टाकीत गेलें," ती म्हणाली. पुढें तिनें जें सांगितलें तें आमच्या तक्रारखोर वाचकांनीं ध्यान देऊन वाचावें.

कालपर्यंत नीट बोलणारें म्हातारें माणूस आज एकाएकीं भ्रमिष्टासारखें करूं लागलें, तर तो म्हातारपणाचा दोष नव्हे. म्हातारपण एका रात्रींत येत नाहीं. हें पहिलें गृहीत. तेव्हां कारण शोधावयाचें, आणि कारणें तर अनेक. साखर उतरली असेल. ती पाहिली, नव्हती. लघवी तुंबली असेल. नळी मोकळी होती. मेंदूंत रक्ताची गांठ अडकली असेल. हात दोन्ही सारखे उचलले, तोंड सरळ होतें. दुखण्यावरील औषधाचा अंमल असेल. परंतु तें औषध दुपारीं दिलेलें होतें, आणि अशा औषधानें श्वास मंदावतो, येथें तर तो वाढलेला. नुसतें दुखत असेल; पण दुखण्यानें रक्तदाब चढतो, येथें तो उतरलेला. राहिलीं दोन-तीन कारणें. त्यांत श्वास, प्राणवायु, लघवी आणि पेजेचा ठसका हीं सारीं एकाच दिशेकडे बोट दाखवीत होतीं. "पण ताप नव्हता !" आम्ही म्हणालों. ती म्हणाली, फार म्हाताऱ्या माणसाला जबर संसर्गांतही पुष्कळदां ताप येत नाहीं. "आणि नाडीही ठीक होती." ती म्हणाली, आटेनोलॉल घेणाऱ्याची नाडी वाढावयाची कशी ? गोळी तिला धरून ठेवते. म्हणजे जे दोन आंकडे पाहून आम्ही निर्धास्त झालों असतों, त्या दोन्हींची साक्ष तिनें आधींच बाद ठरविली होती. लघवीचें गणितही असेंच. ताशीं निदान वजनाच्या प्रत्येक किलोमागें अर्धा मिलिलिटर लघवी हवी. आत्याबाईंचें वजन ५२, म्हणजे तासाला २६ आणि पांच तासांना १३०. पिशवींत होती ७०. आम्हीं ती पिशवी तीन तास डोळ्यांसमोर पाहिली होती. तिच्यावर आंकडे छापलेले असतात हेंदेखील आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

ह्या कामांत तिला एका तक्त्याचीही मदत झाली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें २०१२ सालीं तो प्रसिद्ध केला आणि २०१७ सालीं सुधारला. श्वास, प्राणवायु, बाहेरून प्राणवायु द्यावा लागतो कीं काय, रक्तदाब, नाडी, शुद्धि आणि ताप ह्या सात गोष्टींना, त्या नेहमीच्या मर्यादेपासून किती ढळल्या त्या मानानें गुण द्यावयाचे. परीक्षेंतल्या गुणांच्या उलट, येथें गुण जितके जास्त तितकी स्थिति वाईट. बेरीज ५ झाली कीं तांतडी, ७ झाली कीं आणीबाणी. आत्याबाईंना श्वासाचे ३, प्राणवायूचे २, रक्तदाबाचा १, आणि नव्यानें आलेल्या भ्रमाचे ३. ताप आणि नाडी ह्यांना शून्य धरूनही बेरीज ९. नव्या भ्रमाला स्वतंत्र गुण २०१७ च्या सुधारणेंतच मिळाले. तत्पूर्वीं नुसती बडबड हिशेबांत येत नव्हती. तरीही हा तक्ता म्हणजे विचार नव्हे. १०४ च्या रक्तदाबाला तक्ता एकच गुण देतो. परंतु एरवीं दीडशें असणाऱ्याचा तो एकशें चारावर येणें ही किती मोठी पडझड आहे, हें तक्त्याला कोठून कळणार? तें कळण्यासाठीं 'एरवीं किती ?' हा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो.

हा प्रश्न नवा नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचें नांव निघालें कीं आमच्या डोळ्यांपुढें क्रिमियाच्या युद्धांतली हातांत दिवा घेतलेली दयामूर्ति उभी राहते, आणि तेथेंच आपण थांबतों. वस्तुतः ती बाई आंकड्यांची मोठी भोक्ती होती. १८५९ सालीं लिहिलेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत तिनें रोग्याच्या निरीक्षणाला एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. तींत ती म्हणते त्याचा आशय असा कीं, "रात्र बरी गेली ना ?" असें रोग्यास विचारणें व्यर्थ होय; एकाला दहा तास सलग झोंप न लागली तर तीच वाईट रात्र वाटते, दुसऱ्याला मधून मधून डुलकी लागली तरी ती वाईट वाटत नाहीं. किती तास झोंप लागली आणि ती रात्रीच्या कोणत्या तासांत, असें विचारावें. आमच्या घरीं दुखणाइतास भेटावयास येणारा प्रत्येक माणूस, "काय, बरें आहे ना आतां ?" ह्याखेरीज दुसरें कांहीं विचारीत नाहीं, आणि दुखणाईतही बिचारा "हो, बरें आहे" ह्याखेरीज दुसरें उत्तर देत नाहीं.

पुढें शंभर वर्षांनीं ह्या निरीक्षणाला शिस्त आली. इडा जीन ऑर्लंडो ह्या अमेरिकन परिचारिकेनें १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असा आग्रह धरला कीं, रोग्याचें वागणें पाहून परिचारिकेच्या मनांत जो तर्क येतो तो खरा मानून चालूं नये. तो रोग्यापाशीं पडताळून पाहावा. १९६७ मध्यें हेलन युरा आणि मेरी वॉल्श ह्यांनीं पाहणी, योजना, कृति आणि परिणामाची तपासणी अशा चार पायऱ्या घालून दिल्या. १९७३ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथें भरलेल्या परिषदेंत परिचारिकांनीं आपल्या स्वतंत्र निदानांची यादी करण्यास आरंभ केला. वैद्याचें निदान असतांना परिचारिकेचें निराळें निदान कशास, असा प्रश्न तेव्हांही निघालाच. उत्तर सोपें आहे. वैद्य रोगाचें नांव सांगतो; त्या रोगानें ह्या माणसाचें काय अडलें आहे, हें परिचारिका सांगते. 'फुप्फुसाचा दाह' हें एक निदान. 'निजलेल्या स्थितींत सुरक्षित गिळतां येत नाहीं' हें दुसरें. पहिल्यावर औषध, दुसऱ्यावर उशी, चमचा आणि वेळ. क्रिस्टीन टॅनर ह्या विदुषीनें २००६ सालीं परिचारिकेच्या विचाराचें जें वर्णन केलें तेंही आम्हांस पटलें : आधीं ध्यानांत येणें, मग अर्थ लावणें, मग करणें, आणि करून झाल्यावर पुन्हां विचार करणें. शेवटची पायरी बहुतेक गाळतात. आम्ही तर पहिलीच गाळली होती.

आत्याबाईंच्या शुश्रूषेची जी योजना त्या रात्रीं आणि दुसऱ्या दिवशीं कागदावर उतरली, ती आम्हीं मुद्दाम मागून वाचली. (परिचर्येच्या महाविद्यालयांत अशा योजना विद्यार्थिनींकडून वह्याच्या वह्या लिहून घेतात, आणि त्यांतील पुष्कळशा पुस्तकांतून जशाच्या तशा उतरलेल्या असतात, असें तिनेंच हंसत सांगितलें. प्रत्येक रोग्याला 'संसर्गाचा संभव' हें वाक्य ठरलेलें ! जी योजना कोणत्याही रोग्यास लागू पडते ती कोणाच्याच उपयोगाची नाहीं, हें आमच्या लेखकवर्गासही लागू आहे; पण असो.) आत्याबाईंच्या कागदावर 'श्वास सुधारावा' असें मोघम वाक्य नव्हतें. 'पहाटे सहापर्यंत श्वास मिनिटास २२ च्या आंत, प्राणवायु ९४ च्या वर, लघवी ताशीं २६ हून अधिक' असें होतें. म्हणजे सहा वाजतां जमा-खर्च मांडून पाहतां येईल असें. पहाटे तो मांडला : श्वास २२, प्राणवायु ९५, लघवी ताशीं ३०. पैकीं श्वास अजून मर्यादेच्या आंत आला नव्हता, म्हणून तेवढ्यापुरती मोजणी दर तासानें चालूं ठेवली.

आम्हांस सर्वांत शिकण्यासारखा वाटला तो लघवीच्या नळीसंबंधींचा विचार. नळी हवी होती, कारण तिच्यावांचून लघवी मोजावयाची कशी ? आणि नळी नको होती, कारण भ्रमांत असलेल्या माणसाला ती टोंचते, तो ती ओढतो, आणि तिच्यावाटे आणखी जंतु आंत शिरतात. तिनें चोवीस तासांची मुदत घातली : आंकडे स्थिरावले कीं डॉक्टरांना विचारून नळी काढावयाची, आणि तोंवर रोज सकाळीं 'आज ही हवीच काय ?' हा प्रश्न विचारावयाचा. आमची सूचना आत्याबाईंचे हात मऊ पट्टीनें पलंगास बांधून ठेवण्याची होती. ती तिनें साफ नाकारली. बांधलेलें माणूस अधिक घाबरतें, अधिक झटापट करतें, आणि भ्रम वाढतो. त्याऐवजीं सुईची जागा पट्टीखालीं झांकली आणि आत्याबाईंच्या हातांत त्यांची जपमाळ दिली. हात गुंतले.

भ्रमावर ह्याहून मोठें औषध नाहीं, हें आम्हांस खरें वाटेना. परंतु येल विद्यापीठाच्या शॅरन इनुये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग तिनें सांगितला. सत्तर वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या ८५२ रोग्यांवर तो झाला. एका गटाची नेहमीप्रमाणें व्यवस्था ठेवली. दुसऱ्या गटांत चष्मा आणि कानाचें यंत्र जवळ देणें, पाणी पाजणें, लवकर चालविणें, रात्रीं गोंगाट कमी करून झोपेच्या गोळीवांचून झोंप लागूं देणें, आज वार कोणता आणि आपण कोठें आहों ह्याची आठवण देत राहणें, एवढेंच केलें. पहिल्या गटांत शेंकडा १५ जणांना भ्रम झाला, दुसऱ्यांत ९.९ जणांना. ह्यांत औषधाचा एक थेंब नाहीं. आणि ह्यांतील बहुतेक गोष्टी घरच्या माणसांनींच करावयाच्या !

आत्याबाईंच्या बाबतींत मात्र तिसऱ्या दिवशींही गाडें अडलें. श्वास उतरला, रक्तदाब चढला, क्ष-किरणाचें चित्र निवळूं लागलें. तरी आत्याबाई विचारलेल्या प्रश्नाचें भलतेंच उत्तर देत. "आज वार कोणता ?" तर "भात नको." घरांत कुजबूज सुरू झाली कीं, डोक्यावर कायमचा परिणाम झाला, एका चुलत भावानें तर पुढील व्यवस्थेची, म्हणजे घराच्या कागदपत्रांचीही, गोष्ट काढली. ती मुलगी आपला कागद घेऊन पुन्हां उशाशीं उभी राहिली. सर्व आंकडे सुधारले आणि एकच गोष्ट सुधारली नाहीं, तर त्या गोष्टीचें कारण निराळें असलें पाहिजे, हा तिचा तर्क. तिनें तोंड कानाशीं नेऊन मोठ्यानें विचारलें, "आजी, आज वार कोणता ?" आत्याबाई तत्काळ म्हणाल्या, "शुक्रवार. ओरडतेस कशाला ?" कानाचें यंत्र कानांत होतें, आम्हींच मोठ्या काळजीनें बसविलें होतें, त्याचा सेल मेलेला होता. योजनेंत त्या दिवशीं एक ओळ वाढली : रोज सकाळीं यंत्राचा सेल तपासणें, जबाबदारी घरच्यांची. त्या ओळीखालीं आमची सही घेतली गेली.

चरकानें चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच सांगितले. शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्यावरील प्रेम आणि शुचिता. क्रम पाहण्यासारखा आहे. आम्ही घरोघर प्रेमाला पहिला मान देतों, आणि प्रेम असलें कीं बाकीचे तीन आपोआप येतात असें धरून चालतों. त्या रात्रीं आमच्या ठायीं प्रेमाची कांहींच उणीव नव्हती. निजलेल्या आत्याबाईंना चमच्याचमच्यानें पेज भरविली ती प्रेमानेंच. आत्याबाईंना बसतें करावें, हनुवटी किंचित् खालीं ठेवून लहान घोंट द्यावा, एक गिळल्याखेरीज दुसरा देऊं नये, ठसका लागला कीं थांबावें, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तसेंच बसवून ठेवावें, हें सारें आम्हांस त्या मुलीनें दोनदां करून दाखविलें, आणि नंतर तिच्यासमोर आमच्याकडून करून घेतलें. खुबा दुखतो ही अडचण खरी होती. तिचा उपाय तिनें काढला तो असा कीं, दुखण्याची गोळी जेवणाच्या पाऊण तास आधीं द्यावयाची. औषध तेंच, मात्रा तीच, वेळ फक्त बदलली, तीही डॉक्टरांना विचारून.

आमच्या समाजानें ह्या विद्येशीं कसें वर्तन केलें तें सर्वांस ठाऊक आहे. सावित्रीबाई फुले १८९७ सालीं पुण्याच्या प्लेगांत रोग्यांची सेवा करितां करितां वारल्या. रमाबाई रानड्यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन काढून, पुढें त्याच्या द्वारें स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण मिळावें म्हणून खटपट केली, तेव्हां पांढरपेशा घरांतून त्यांना मुली मिळणें किती कठीण होतें ! परक्याच्या अंगाला हात लावावयाचा, मलमूत्र काढावयाचें, हा विचारच आमच्या वाडवडिलांना सोसवत नव्हता. आज तसें उघड कोणी म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांतून आम्हांस पत्रें येतात, त्यांतील किती घरांत मुलगी "मी डॉक्टर होतें" म्हणाली तर पेढे वाटतात, आणि "मी परिचारिका होतें" म्हणाली तर समजूत घालतात, ह्याचा ज्याचा त्यानें विचार करावा. मुलगा तसें म्हणाला तर काय होईल, हें तर आम्ही विचारीतही नाहीं.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांची हकीकत बहुतेकांस माहीत आहे. १९७३ च्या नोव्हेंबरांत झालेल्या अत्याचारानंतर २०१५ च्या मे महिन्यांत मरण येईपर्यंत त्या तेथेंच अंथरुणास खिळून होत्या, आणि त्यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनीं केली. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयासमोर हें प्रकरण आलें तेव्हां, इतक्या वर्षांत त्यांना अंथरुणाचा एकही व्रण झाला नाहीं, ह्या गोष्टीची नोंद निकालपत्रांत झाली. ह्याला आम्ही सर्वांनीं 'केवढी माया !' म्हटलें. माया होतीच. परंतु अंथरुणाचे व्रण मायेनें टळत नाहींत. कोणत्या हाडावर भार येतो, कातडी कोठें ओली राहते, पोटांत अन्न किती जातें, कूस किती वेळानें बदलली पाहिजे, टांच कशी अधांतरी ठेवावी, हें रोज नव्यानें पाहिल्यावांचून व्रण टळत नाहीं. आणि पाळ्या बदलतात, माणसें बदलतात, म्हणून तें लिहून ठेवल्यावांचून टळत नाहीं.

आणि ह्यासाठीं वेळ लागतो. त्या रात्रीं आत्याबाईंपाशीं ती मुलगी दहा-बारा मिनिटें उभी राहूं शकली. कारण तिच्याकडील दोन खाटा रिकाम्या होत्या, असें तीच म्हणाली. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ सालीं असें दाखविलें कीं, एका परिचारिकेकडे एक रोगी वाढला कीं शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या तीस दिवसांतील मृत्यूचा संभव शेंकडा ७ नें वाढतो. रुग्णालयाची निवड करितांना आम्ही वातानुकूलित खोली आहे काय, उपाहारगृह बरें आहे काय, ह्याची चौकशी करतों. रात्रीं किती रोग्यांमागें एक परिचारिका असते, हा प्रश्न आम्हीं आजवर एकदांही विचारला नव्हता. आतां विचारतों, आणि हा प्रश्न विचारतांच समोरच्याचा चेहरा कसा होतो, हेंही पाहून ठेवतों.

आत्याबाई सतराव्या दिवशीं घरीं आल्या. येतांना त्या मुलीनें एक साधी दोनशें पानी वही आमच्या हातीं दिली आणि रकाने स्वतः आंखून दिले : वेळ, श्वास, किती खाल्लें, कसें बसविलें, ठसका, कूस, आणि शेवटीं एक रुंद रकाना, 'आज एरवींपेक्षां काय निराळें ?' पहिले आठ दिवस आम्हीं तो भरला. नवव्या दिवशीं आत्याबाईंनीं वही मागून घेतली, चष्मा पुसला, आमच्या बेरजेंतील दोन चुका पेन्सिलीनें दुरुस्त केल्या, आणि शेवटच्या रकान्यांत स्वतःच्या अक्षरांत लिहिलें : 'पेजेंत मीठ कमी.'